निलंग्याची तूर आणि लातूरची डाळ

मार्गशीर्षांतील अमावास्येच्या दिवशीं लातूर, निलंगा, औसा, उदगीर यांपैकीं एखाद्या गांवांतून परका मनुष्य चालत गेला, तर येथें कांहीं संकट तर ओढवलें नाहीं ना, अशी शंका त्याला आल्यावांचून राहणार नाहीं. दुकानांना कुलुपें, मोंढ्यांत शुकशुकाट आणि भर दुपारीं रस्ते ओस पडलेले. या दिवसाला वेळ अमावास्या म्हणतात. येथल्या बोलींत तिचें नांव येळवस. त्या दिवशीं सारें गांव शेतांत गेलेलें असतें. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारून तींत पूजा करतात, आंबील पितात, आणि तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे, हरभऱ्याचे कोंवळे दाणे घालून केलेली भज्जी पोटभर खातात. ज्याला स्वतःचें शेत नाहीं, त्याला कोणी ना कोणी अगत्यानें आपल्या शेतावर घेऊन जातो. धान्याचा आडत्या, पोतीं वाहणारा हमाल, डाळगिरणीचा मालक आणि तिच्यांतील मजूर हे सर्व त्या दिवशीं कोणाच्या ना कोणाच्या बांधावर पंगतीला बसलेले असतात.

श्रोतेहो, आजच्या विषयाचा आरंभ मीं या सणापासून केला याचें कारण असें, कीं शेत आणि गिरणी यांचें नातें या एका दिवशीं जितकें उघड दिसतें तितकें एरवीं दिसत नाहीं. लातूरची तूरडाळ मोठमोठ्या बाजारपेठांत नांवाजलेली आहे, आणि ती ज्या तुरीपासून होते तिचा एक मोठा वांटा निलंग्यासारख्या कोरडवाहू तालुक्यांतून येतो. शेतीचा प्रदेश खाद्यपदार्थांच्या उद्योगाला कसा पोसतो, हें समजून घेण्यास हें उदाहरण पुरेसें आहे. परंतु त्याबरोबर दुसराहि एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या उद्योगाला शेतानें पोसलें, तो उद्योग उलट शेताला पोसतो काय? माझ्या आजच्या बोलण्याचा रोख या दुसऱ्या प्रश्नावर आहे. पण त्याचें उत्तर देण्यापूर्वीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर नीट समजलें पाहिजे.

निलंगा हा लातूर जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील तालुका. 1948 पर्यंत हा मुलूख निझामाच्या राज्यांत होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत निलंगा बिदर जिल्ह्यांत मोडत असे. पुढें तो उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला, आणि 16 ऑगस्ट 1982 रोजीं लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हां त्यांत आला. कर्नाटकाची हद्द येथून इतकी जवळ आहे, कीं औराद शहाजानीच्या बाजारांत मराठीबरोबर कानडीहि कानीं पडते. या औरादच्याच परिसरांत तेरणा नदी मांजरेला मिळते. नद्या दोन असल्या, तरी पाण्याची सुबत्ता आहे असें मात्र नव्हे. पाऊस सरासरीनें वर्षाला 700 ते 800 मिलीमीटर, आणि तोहि केव्हां पाठ फिरवील याचा नेम नाहीं. जमीन बरीचशी काळी, ओल धरून ठेवणारी आहे.

अशा जमिनीला आणि अशा पावसाला तूर हें पीक फार मानवतें. तुरीचें मूळ खोल जातें, आणि वरची माती सुकली तरी खालची ओल तें शोधून काढतें. हवेंतील नत्र मुळांवरील गांठींत सांठवून तूर जमिनीचा कसहि राखते. मृगाच्या पावसावर पेरलेली तूर पौषाच्या सुमारास काढणीला येते. तिला जातीप्रमाणें पांच ते सहा महिने लागतात. परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या बदनापूर येथील संशोधन केंद्रानें या भागासाठीं तुरीच्या सुधारलेल्या जाती काढल्या आहेत. बीएसएमआर 736 ही जात मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देणारी, तर बीडीएन 711 ही लवकर हातीं येणारी. आज बहुतेक शेतकरी सोयाबीनच्या कांहीं ओळींनंतर तुरीची एक ओळ, अशा रीतीनें हें पीक घेतात. आश्विनांत सोयाबीन निघतें, आणि पुढें दोन-तीन महिने शेत एकट्या तुरीचें होतें.

आतां या तुरीची डाळ होते कशी, तें पाहूं. हरभरा किंवा मसूर यांचें टरफल सहज सुटतें. तुरीचें तसें नाहीं. तिच्या टरफलाच्या आणि आंतील दाळीच्या मध्यें डिंकासारखा एक चिकट थर असतो, आणि तो मोकळा झाल्यावांचून टरफल निघत नाहीं. आपल्या आज्या-पणज्यांना हें उत्तम ठाऊक होतें. त्या तुरीला पाणी लावून किंवा तेलाचा हात फिरवून ती मुरूं देत, उन्हांत कडकडीत वाळवीत, मग जात्यावर भरडून सुपानें पाखडीत. कांहीं ठिकाणीं तूर भिजवून तिला तांबडी माती, म्हणजे काव, चोळण्याची रीत होती. हें काम उन्हाळ्याच्या दिवसांत घरोघर चाले आणि त्यांतून वर्षाची डाळ तयार होई.

गिरणीनें या कृतींत मूलतः नवीन असें कांहीं आणलें नाहीं. तीच कृति तिनें मोठ्या प्रमाणावर आणि अधिक नेमकेपणानें चालविली. प्रथम तूर चाळून खडे, माती आणि किडके दाणे वेगळे करतात व दाण्यांची लहान-मोठी प्रत लावतात. नंतर एमरी दगडाच्या खरबरीत रुळांमधून दाणा फिरवितात, त्यामुळें टरफलावर ओरखडे पडतात. त्या ओरखड्यांतून तेल आंत शिरावें म्हणून अर्ध्या-एका टक्क्याइतकें तेल लावून तूर रात्रभर रास करून ठेवतात. मग ती गच्चीवर किंवा फरसबंद अंगणांत पसरून दोन ते पांच दिवस उन्हें देतात. पुढें थोडें पाणी मारून पुन्हां मुरूं देतात आणि रुळांतून काढतात. टरफल सुटतें, दाण्याचे दोन भाग होतात, पंख्याच्या वाऱ्यानें फोलकट उडून जातें आणि चाळण्यांवरून अखंड डाळ, तुकडा व चुणी वेगवेगळी खालीं येते. जो दाणा एका फेरींत सुटत नाहीं, त्याला दुसरी आणि तिसरी फेरी द्यावी लागते.

या सर्व खटाटोपाचें मर्म एका आंकड्यांत आहे. तुरीच्या दाण्यांत टरफल आणि अंकुर वगळतां शंभरांत 85 हून थोडा अधिक भाग खऱ्या डाळीचा असतो. परंतु व्यापारी गिरण्यांना त्यांतून साधारण 70 ते 75 भागच डाळ मिळते, आणि जुन्या पद्धतीच्या घरगुती किंवा गांवठी चक्कींत तर 60-65 वरच समाधान मानावें लागतें. बाकीची डाळ भुकटी आणि तुकडा होऊन चुणींत जाते. याचा पैशांतील अर्थ असा. 2025-26 च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये ठरविला. या भावानें घेतलेल्या एका क्विंटलपासून 75 किलो डाळ निघाली, तर किलोभर डाळींत निव्वळ तुरीची किंमत सुमारें 107 रुपये पडते. 65 किलोच निघाली, तर तीच किंमत 123 रुपये होते. किलोमागें हा जो 16 रुपयांचा फरक, तो गिरणीच्या कसबाचा आहे, आणि तितकाच तो दाण्याच्या प्रतीचाहि आहे. एकसारखा, नीट वाळलेला, किडीनें न पोखरलेला दाणा आला, तरच यंत्र आपलें काम चोख करतें. म्हणजे गिरणीचा नफा-तोटा तिच्या भिंतींच्या बाहेर, शेतकऱ्याच्या खळ्यावरच निम्मा ठरून गेलेला असतो.

या गिरण्या मुंबई-पुण्यास न उभारतां लातूर-उदगीरकडे कां उभारल्या गेल्या, याचेंहि उत्तर येथेंच सांपडतें. शंभर पोतीं तूर मुंबईला नेऊन तेथें भरडली, तर त्यांतल्या पंचवीस-तीस पोत्यांइतक्या टरफलाचें आणि चुणीचें भाडें फुकट भरावें लागेल. शिवाय तें टरफल आणि ती चुणी यांचें मुंबईंत करावयाचें काय? येथें त्यांना घरचें गिऱ्हाईक आहे. देवणी ही जनावरांची नामांकित जात याच भागांतली. दुभत्या गाईला आणि राबणाऱ्या बैलाला चुणी म्हणजे उत्तम खुराक. तिसरी गोष्ट उन्हाची. तूर काढणीला येते ती पावसाळा सरल्यावर, आणि माघापासून पुढें मराठवाड्याचें ऊन कोणत्याहि भट्टीवांचून धान्य वाळवून देतें. समुद्रकांठच्या दमट हवेंत हें काम इतकें स्वस्तांत होणें कठीण.

याला बाजाराची आणि रेल्वेची जोड मिळाली. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद वाट 1911 सालीं लातूरपर्यंत आली आणि लातूरचा माल कुर्डुवाडीमार्गें मोठ्या रेल्वेला मिळूं लागला. 1930 सालीं हैदराबाद संस्थानांत शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. लातूरच्या गंजगोलाईंत मध्यें जगदंबेचें देऊळ आणि भोंवतीं सोळा रस्ते अशी जी रचना आहे, ती पाहिली म्हणजे हें गांव व्यापार मनांत धरूनच आंखलेलें आहे हें पटतें. पुढें 2008 पर्यंत कुर्डुवाडीची ती अरुंद वाट रुंद झाली. आडते, मापाडी, हमाल, बारदान विकणारे, यंत्रांचे रूळ दुरुस्त करणारे कारागीर आणि उधारीवर माल देणारे-घेणारे पेढीवाले असा सगळा संच एका गांवीं जमला. नवीन गिरणी काढणाऱ्याला हा संच तयार मिळतो. एका गिरणीशेजारीं दुसरी निघते याचें हेंच कारण.

गेल्या तीस वर्षांत या उद्योगाला सोयाबीनची दुसरी फांदी फुटली. पूर्वींच्या खरीप ज्वारी, मूग आणि उडीद यांच्या पुष्कळशा जमिनीवर आज सोयाबीन उभें आहे, आणि लातूर बाजारांतील त्याचा भाव महाराष्ट्रभर पाहिला जातो. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतें अवघें 18 किलोंच्या आसपास. उरलेली 80 किलोंच्या घरांतील पेंड हाच त्यांतला मोठा माल, आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्याला जाते. इतकें थोडें तेल नुसत्या दाबानें पुरतें निघत नाहीं. म्हणून दाण्याचे पातळ पोहे करून हेक्झेन नांवाच्या द्रवांत तें विरघळवून घ्यावें लागतें. असा कारखाना घालण्यास मोठें भांडवल लागतें, आणि तो चालू ठेवण्यास बारा महिने माल लागतो. शेत मात्र माल देतें एका महिन्यांत. हा मेळ घालण्यासाठीं गोदामें, बँका आणि व्यापारी यांची साखळी उभी राहते.

येथवर मीं जें सांगितलें त्यावरून असें वाटेल, कीं शेत आणि गिरणी यांचें बस्तान छान बसलेलें आहे. शेतानें तूर द्यावी, उन्हानें ती वाळवावी, गिरणीनें भरडावी आणि चुणी पुन्हां गोठ्यांत यावी. पण आतां आपण दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं, आणि त्यासाठीं तुरीची उसाशीं तुलना करूं.

ऊस तोडला कीं त्यांतली साखर उतरूं लागते. तो दिवसाभरांत, फार तर दुसऱ्या दिवशीं, गाळला गेला पाहिजे. म्हणून साखर कारखान्याला उसाच्या मळ्यांपासून लांब जातां येत नाहीं. तो आपल्या शेतकऱ्यांना बांधलेला असतो. हें बंधन ओळखूनच विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं 1950 सालीं प्रवरेच्या कांठीं शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना सुरू केला, आणि महाराष्ट्रांत सहकारी साखर कारखान्यांची रांग लागली. लातूर जिल्ह्यांतहि मांजरेच्या कांठीं कारखाना झाला, निलंगा तालुक्यांत अंबुलग्याला झाला. मळ्याला कारखाना हवा आणि कारखान्याला मळा हवा, अशी ही दोघांची सारखी गरज होती. तीमुळेंच शेतकऱ्याला मालक होतां आलें.

तुरीच्या बाबतींत असें बंधन नाहीं. नीट वाळवलेली तूर कित्येक महिने टिकते, आणि जी वस्तु टिकते ती प्रवासहि करूं शकते. निलंग्याची तूर लातूरच्या गिरणींत जाऊं शकते, तशी ती गुलबर्ग्यासहि जाऊं शकते. त्याचप्रमाणें म्यानमार, मोझांबिक, मलावी आणि टांझानिया येथली तूर जहाजानें मुंबईच्या बंदरांत उतरून लातूरच्या गिरणीपर्यंत येऊं शकते. आणि ती येतेहि. गिरणीला तूर हवी. ती निलंग्याचीच असली पाहिजे असें नाहीं. शेतकऱ्याला मात्र जवळचा मोंढा सोडून दुसरीकडे जाणें सहसा परवडत नाहीं. गिरणी शेताच्या जवळ आहे म्हणून ती शेताची झाली, असें समजणें ही आपली चूक होते ती येथें.

या चुकीची किंमत शेतकऱ्यानें अलीकडेच मोजली आहे. 2015 सालीं दुष्काळामुळें तूरडाळ किरकोळ बाजारांत किलोला 200 रुपयांपर्यंत चढली. तो भाव पाहून पुढच्या खरिपांत देशभर तुरीचा पेरा वाढला, पाऊसहि झाला, आणि तुरीचें उत्पादन 25 लाख टनांच्या आसपास होतें तें 2016-17 सालीं 48 लाख टनांच्या वर गेलें. हमीभाव बोनससह 5,050 रुपये होता; बाजार त्याच्या खालीं घसरला, आणि सरकारी खरेदी केंद्रांपुढें गाड्यांच्या रांगा लागल्या. पुढें 2021 च्या मे महिन्यांत तुरीची आयात खुली करण्यांत आली आणि ती सवलत वेळोवेळीं वाढविली गेली. मोझांबिकशीं तर वर्षाला 2 लाख टन तूर घेण्याचा करार करण्यांत आला. शहरांतल्या गरिबाच्या वरणाचा विचार केला, तर या धोरणाला सरसकट दोष देतां येणार नाहीं. भारत तूर सर्वांत अधिक पिकवतो, पण खातो त्याहूनहि अधिक. परंतु ज्या वर्षीं येथें पीक भरघोस आलें त्याच वर्षीं परदेशची तूरहि बंदरांत येऊन पडली, तर भावाचा सारा भार कोरडवाहू शेतकऱ्याच्या खांद्यावर येतो. सोयाबीनचेंहि तसेंच. 2024 च्या हंगामांत त्याचा हमीभाव 4,892 रुपये असतांना मोंढ्यांत त्याहून कमी भावानें सौदे झाले. ओलाव्याची अट 12 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर नेण्याची वेळ सरकारवर आली.

मग यावर उपाय उसाचा मार्ग धरणें हा आहे काय? मला तसें वाटत नाहीं. 2016 च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला पिण्याचें पाणी रेल्वेनें आणावें लागलें, ही गोष्ट अजून कोणी विसरलेला नाहीं. पहिल्या गाडीनें पांच लाख लिटर पाणी आलें, आणि तें पाहण्यास स्टेशनावर गर्दी लोटली. ज्या प्रदेशाचें मांजरा धरण असें कोरडें पडूं शकतें, त्यानें आपला सारा भरंवसा पाणी पिणाऱ्या पिकावर ठेवणें धोक्याचें आहे. या मातीचा आणि या पावसाचा स्वाभाविक उद्योग डाळीचाच आहे. उसाकडून आपण घ्यावयाचें तें पीक नव्हे, तर शेतकऱ्याचा कारखान्यांतील हक्क. उसाला तो हक्क निसर्गानें सहज मिळवून दिला. तुरीला तो खटपटीनें मिळवावा लागेल.

ही खटपट तीन ठिकाणीं करतां येण्यासारखी आहे. पहिलें ठिकाण गोदाम. शेतकऱ्याची तूर एकाच महिन्यांत विक्रीला येते, कारण त्याला उधारी फेडावयाची असते. आणि त्याच महिन्यांत भाव पडलेले असतात. तूर टिकते, हा जो तिचा गुण आज व्यापाऱ्याच्या उपयोगीं पडतो, तो शेतकऱ्याच्याहि उपयोगीं पडला पाहिजे. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. बाजार समितीच्या गोदामांत माल ठेवला, तर त्याच्या किंमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांकरितां 6 टक्के व्याजानें मिळते. माल न विकतां गरज भागविण्याची ही सोय आहे. मात्र तिचा लाभ घेण्यास गांवाजवळ गोदाम आणि बाजार समितींत तत्परता ही दोन्ही हवींत.

दुसरें ठिकाण खुद्द गिरणी. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें लहान डाळयंत्र तयार केलें आहे, आणि बचत गट किंवा शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी तें चालवूं शकते. 2020 सालीं केंद्र सरकारनें लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीं योजना काढली, तींत खर्चाच्या 35 टक्के, जास्तींत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत, साहाय्य मिळतें. पण येथें भाबडेपणा उपयोगाचा नाहीं. मघांचा आंकडा लक्षांत ठेवा: लहान यंत्राचा उतारा मोठ्या गिरणीहून किलो-दोन किलोनें जरी कमी पडला, तरी तेवढ्यानेंच त्याचा नफा आटतो. शिवाय यंत्र घेण्यास साहाय्य मिळतें, पण हंगामांत तूर खरेदी करून वर्षभर सांठविण्यास जें खेळतें भांडवल लागतें तें मिळविणें अधिक कठीण असतें. यंत्र आलें पण तूर घेण्यास पैसा नाहीं, अशी स्थिति झाली तर यंत्रावर धूळ बसते. म्हणून लहान गिरणीनें मोठीशीं सरसकट स्पर्धा करूं नये. आपल्याच सभासदांची निवडक तूर, पॉलिश न करतां, ओळखीच्या गिऱ्हाइकाला पोंचविणें हें तिचें खरें क्षेत्र.

तिसरें ठिकाण नांव. निलंग्याच्या नांवानें आज लातूर-पुण्याच्या गाड्यांवर "निलंगा राइस" म्हणून एक मसालेदार भात विकला जातो, आणि तरुण मंडळी तो आवडीनें खातात. वास्तविक तांदूळ हें कांहीं निलंग्याचें पीक नव्हे. पण जें येथें पिकत नाहीं त्याला गांवाचें नांव मिळालें, आणि जी तूर येथें पिकते ती मात्र मोंढ्यांतल्या राशींत मिसळून निनांवी झाली. ही उणीव भरून निघण्याची सुरुवात 2024 सालीं झाली. त्या वर्षीं निलंगा तालुक्यांतील बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला, तसेंच लातूर जिल्ह्यांतीलच कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालें. शेजारच्या गुलबर्ग्याच्या तूरडाळीला तें 2019 सालींच मिळालेलें आहे. या मानांकनाचा अर्थ असा, कीं त्या भागाबाहेरील डाळ बोरसुरीच्या नांवानें कोणालाहि विकतां येणार नाहीं.

या मानांकनांत मला जी आशा दिसते ती एवढ्यासाठीं, कीं तें उसासारखेंच एक बंधन निर्माण करतें. साध्या तुरीसाठीं गिरणीला मोझांबिकचा दरवाजा उघडा आहे. पण बोरसुरीची डाळ विकावयाची, तर तिला बोरसुरीच्या शिवारांतच यावें लागेल. निसर्गानें जी गांठ तुरीला घालून दिली नाहीं, ती येथें कायद्यानें घातली आहे. मात्र नुसत्या प्रमाणपत्रानें भाव मिळत नाहीं. त्या नांवाखालीं विकण्याइतका माल दरवर्षीं निघाला पाहिजे, शेतकऱ्यांनीं अधिकृत वापरकर्ते म्हणून आपलीं नांवें नोंदविलीं पाहिजेत, बियाणें शुद्ध राखलें पाहिजे, आणि बोरसुरीच्या पोत्यांत दुसरी तूर मिसळण्याचा मोह टाळला पाहिजे. एका वर्षाच्या भेसळीनें दहा वर्षांचें नांव जातें. आणि शक्य तेथवर ही तूर तालुक्यांतच भरडली गेली पाहिजे, म्हणजे उताऱ्याचा फायदा, चुणी आणि मजुरी हीं तिन्ही तेथेंच राहतील.

शेतीचा प्रदेश उद्योगाला कसा पोसतो, याचें उत्तर माझ्या मतें असें आहे. तो दाणा देतो, ऊन देतो, चुणीला गोठा देतो आणि कामाला माणसें देतो. पण या देण्याची परतफेड आपोआप होत नाहीं. गिरणीच्या मालकाला शेतकऱ्याचें कल्याण नको असतें असेंहि नाहीं. त्यालाहि बाजाराच्या भावानेंच चालावें लागतें, आणि तुरीचा पुरवठा तुटला तर त्याचींहि यंत्रें थांबतात. या दोघांना एकमेकांची गरज कायमची वाटेल अशी व्यवस्था गोदामानें, सभासदांच्या गिरणीनें आणि राखलेल्या नांवानें करावी लागेल. पुढच्या येळवसेला गिरणीचा मालक निलंग्याच्या बांधावर भज्जी खावयास बसेल, तेव्हां शेजारीं बसलेल्या शेतकऱ्यानें त्याला एवढेंच विचारावें, कीं यंदा माझ्या तुरीचा उतारा किती पडला. ज्या दिवशीं शेतकरी हा प्रश्न नेहमीं विचारूं लागेल आणि त्याचें खरें उत्तर त्याला मिळूं लागेल, त्या दिवसापासून आपल्या दाण्याचें मोल त्याला कळूं लागेल, आणि तें मोल मागण्याचें धैर्यहि येईल.